छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन

पूर्वी छायाचित्राच्या स्टुडिओत कॅमेऱ्याइतकेच महत्त्व एका बारीक टोकाच्या शिसपेन्सिलीला असे. चेहऱ्यावरील सुरकुत्या निगेटिव्हवर फिकट रेषांच्या रूपाने उमटतात. त्या जागी पेन्सिलीने हलकेच शिसे भरले की कागदावर सुरकुती नाहीशी होते आणि साठीची स्त्री चाळिशीची दिसू लागते. या कामाला रिटचिंग म्हणत. आपल्याकडील जुन्या स्टुडिओंतही ते सर्रास चाले. अमेरिकेतील विख्यात छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांनी आयुष्याची सुमारे पंचवीस वर्षे ही पेन्सिल चालवली. तिच्यावर त्यांनी संसार चालवला आणि तिचा मनस्वी तिटकाराही केला.

वेस्टन यांचा जन्म २४ मार्च १८८६ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, हायलँड पार्क या गावी झाला. वडील डॉक्टर होते. एडवर्ड लहान असतानाच आईचे छत्र हरपले आणि थोरली बहीण मे हिने त्यांना वाढवले. शाळेत त्यांचे मन रमले नाही. १९०२ मध्ये, सोळाव्या वर्षी, वडिलांनी त्यांना एक साधा कोडॅक कॅमेरा भेट दिला. मग शिकागोच्या बागा आणि आत्याचे शेत हीच त्यांची शाळा झाली. पैसे साठवून त्यांनी लवकरच याहून चांगला कॅमेरा मिळवला.

१९०६ मध्ये ते बहिणीकडे कॅलिफोर्नियात गेले. तेथे दारोदार हिंडून, घरोघरच्या मुलाबाळांची छायाचित्रे काढून ते चार पैसे मिळवू लागले. आपल्याला शास्त्रशुद्ध ज्ञान नाही, ही जाणीव त्यांना बोचत होती. म्हणून ते इलिनॉयला परतले व तेथील छायाचित्रणाच्या महाविद्यालयात दाखल झाले. नऊ महिन्यांचा अभ्यासक्रम त्यांनी सहा महिन्यांतच पुरा केला. परंतु संपूर्ण नऊ महिन्यांचे शुल्क भरल्यावाचून पदविका मिळणार नाही, असे संस्थेने सांगितले. वेस्टन यांनी ते शुल्क भरले नाही. पदविकेविनाच ते कॅलिफोर्नियात परत आले आणि लॉस एंजेलिसमधील स्टुडिओंत रिटचिंगच्या कामाला लागले.

१९०९ मध्ये फ्लोरा चँडलर या शिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. यथावकाश त्यांना चार मुलगे झाले. १९११ मध्ये ट्रॉपिको या गावी त्यांनी स्वतःचा लहानसा स्टुडिओ थाटला. त्या काळी छायाचित्र हे रंगचित्रासारखे धूसर व स्वप्नाळू दिसावे, अशी रसिकांची अपेक्षा असे. वेस्टन या शैलीत निष्णात झाले. थेट लंडनपर्यंतच्या प्रदर्शनांतून त्यांना मानसन्मान मिळाले. गिऱ्हाईक खूश होते, नावलौकिक होता. या टप्प्यावर बहुतेक माणसे स्थिरावतात.

वेस्टन यांचे समाधान मात्र सरत चालले होते. १९२२ मध्ये ओहायो राज्यातील एका पोलाद कारखान्याच्या उंच धुरांड्यांची छायाचित्रे त्यांनी काढली. त्यात धूसरपणा नव्हता. प्रत्येक कड रेखीव होती. त्यानंतर न्यूयॉर्कला जाऊन आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या ज्येष्ठ छायाचित्रकाराची त्यांनी भेट घेतली. जुन्या मार्गाने पुन्हा जायचे नाही, हे आता मनाशी ठरले होते.

१९२३ मध्ये ते मेक्सिकोला गेले. सोबत थोरला मुलगा चँडलर आणि छायाचित्रण शिकू पाहणाऱ्या टीना मोदोत्ती होत्या. पत्नी व इतर मुले मागे राहिली. कलेसाठी घर सोडणाऱ्या माणसाचे कौतुक करताना मागे राहिलेल्यांचा विचारही मनात यावा. वेस्टन यांना स्वतःलाही मुलांची ओढ सतत जाणवत असे. १९२५ मध्ये दुसऱ्यांदा मेक्सिकोला जाताना त्यांनी दुसरा मुलगा ब्रेट याला बरोबर नेले. तेथेच ब्रेटच्या हाती कॅमेरा आला व पुढे तोही नामांकित छायाचित्रकार झाला. मेक्सिकोत वेस्टन यांनी मित्रांचे चेहरे भर उन्हात, मोकळ्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर टिपले. घरातील शौचकूपासारखी वस्तूही त्यांना सुंदर दिसली व तिचे छायाचित्र त्यांनी निःसंकोच काढले.

१९२६ मध्ये ते कॅलिफोर्नियात परतले. त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम यानंतरचे आहे आणि ते झाले शंख, कोबी, केळी, ढोबळी मिरची अशा वस्तूंवर. आठ बाय दहा इंचांचा कॅमेरा तिपाईवर उभा करून ते वस्तू काचेवर न्याहाळत. जवळच्या वस्तूचा पुढचा व मागचा भाग सारखाच स्पष्ट यावा म्हणून भिंगाचे छिद्र अतिशय बारीक करावे लागे. छिद्र बारीक झाले की उजेड कमी येई आणि फिल्मला फार वेळ प्रकाश द्यावा लागे. शंखांच्या काही चित्रांना तर कित्येक तास लागले. तेवढ्या वेळात कोणी जड पावलाने घरातून गेले आणि शंख केसभर हलला, तरी सारी मेहनत वाया जाई.

१९२९ मध्ये ते कार्मेल या समुद्रकाठच्या गावी राहू लागले. १९३० च्या ऑगस्टमध्ये ते ढोबळ्या मिरच्यांची चित्रे काढत होते. वेगवेगळ्या पार्श्वभूमी करून झाल्या, पण मनासारखे चित्र येईना. अखेर पत्र्याचे एक नरसाळे आडवे ठेवून त्याच्या तोंडात त्यांनी मिरची मांडली. नरसाळ्याच्या आतल्या बाजूवरून परावर्तित झालेला मऊ उजेड मिरचीच्या वळणांवर सगळीकडून पसरला. ‘पेपर नंबर ३०’ या नावाने ते छायाचित्र जगभर ओळखले जाते. पाहणाऱ्याला ते कधी पैलवानाच्या पिळदार पाठीसारखे वाटते, कधी एकमेकांना बिलगलेल्या दोन देहांसारखे. तरीही ती मिरचीच राहते. चित्रे काढून झाली की या मिरच्या स्वयंपाकघरात जात. त्या काळातील ओढगस्त पाहता यात नवल नाही.

निगेटिव्ह कागदावर ठेवून, आकार जराही न वाढवता, ते चित्र छापत. त्यामुळे बारीकसारीक तपशील उतरे. १९३२ मध्ये अँसल ॲडम्स, इमोजेन कनिंगहॅम आदींसह त्यांनी ‘ग्रुप एफ/६४’ हा गट स्थापन केला. गटाचे नावच बारीक छिद्राच्या मापावरून घेतलेले होते.

मिरचीला सुरकुती लपवण्याची गरज नव्हती. पैसे देऊन चित्र काढून घेणाऱ्या माणसाला होती. त्यामुळे एकीकडे हे निखळ काम आणि दुसरीकडे घरखर्चासाठी पेन्सिल, अशी ओढाताण चालूच राहिली. अखेर १९३४ च्या सुमारास, मंदीच्या काळात, उत्पन्न घटण्याचा धोका पत्करून त्यांनी रिटचिंग बंद केले. यापुढे येथे चेहरे जसे असतील तसेच टिपले जातील, असा त्यांचा बाणा होता.

१९३७ मध्ये त्यांना गुगेनहाइम अधिछात्रवृत्ती मिळाली. हा मान मिळवणारे ते पहिले छायाचित्रकार होत. चॅरिस विल्सन यांच्यासह त्यांनी पश्चिम अमेरिकेचा मोठा प्रदेश मोटारीने पालथा घातला. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांच्या समग्र कार्याचे मोठे प्रदर्शन भरवले.

तोवर कंपवाताने त्यांचे शरीर ग्रासले होते. १९४८ मध्ये घराजवळच्या पॉइंट लोबॉस येथील खडकांचे छायाचित्र त्यांनी काढले. ते अखेरचे ठरले. पुढची दहा वर्षे हातात कॅमेरा नव्हता, पण काम थांबले नाही. आयुष्यभरातील निगेटिव्हमधून त्यांनी सुमारे ८३० निवडली आणि ती मुलांकडून, विशेषतः ब्रेटकडून, आपल्या देखरेखीखाली छापून घेतली. १ जानेवारी १९५८ रोजी कार्मेलजवळच्या राहत्या घरी त्यांचे निधन झाले. मुलांनी त्यांची रक्षा पॉइंट लोबॉसच्या ज्या गोट्यांच्या किनाऱ्यावर विसर्जित केली, तो आज वेस्टन बीच म्हणून ओळखला जातो.