महाराजांचा प्रवास, महाराणींचा पडदा

नवरा-बायकोने जोडीने परदेशी जाणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. व्हिसासाठीची धावपळ, सामानाचे वजन आणि मागे राहिलेल्या मुलांची काळजी, एवढ्यावर तक्रारी संपतात. १८८७ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड आपल्या तरुण पत्नीला घेऊन विलायतेला निघाले, तेव्हा त्यांच्यापुढच्या अडचणी निराळ्या होत्या. समुद्र ओलांडणे सनातन्यांच्या दृष्टीने पाप होते. संस्थानिकाने राज्य सोडून बाहेर राहणे इंग्रज अधिकाऱ्यांना रुचत नव्हते. आणि महाराणी पडद्यात होत्या.

सयाजीरावांना राजेपण जन्माने मिळाले नव्हते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेला गोपाळराव हा शेतकरी कुटुंबातला मुलगा. मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी पदच्युत केल्यावर महाराणी जमनाबाईंनी १८७५ मध्ये त्याला दत्तक घेतले आणि त्याचे शिक्षण खऱ्या अर्थाने राजवाड्यातच सुरू झाले. १८८१ मध्ये राज्याधिकार हाती आले. पहिली पत्नी, तंजावरच्या लक्ष्मीबाई, १८८५ मध्ये निवर्तल्या. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा त्यांच्याच नावाने उभा आहे. त्याच वर्षी देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाईंशी महाराजांचा विवाह झाला. याच पुढे महाराणी चिमणाबाई म्हणून ओळखल्या गेल्या.

पहिल्या प्रवासाचे निमित्त हौसेचे नव्हते. राज्यकारभाराच्या ताणाने महाराजांची झोप उडाली होती, प्रकृती ढासळली होती आणि हवापालटाचा सल्ला मिळाला होता. एकट्याने जाणे सोपे होते. पत्नीला बरोबर घेण्याचा निर्णय महाराजांनी घेतला, आणि पुढच्या अर्धशतकातील या दांपत्याच्या आयुष्याला तेथूनच वळण लागले, असे मागे वळून पाहता वाटते.

महाराजांनी आयुष्यात पंचवीसच्या आसपास परदेशवाऱ्या केल्या आणि त्यांतील अनेकींत महाराणी सोबत होत्या. या काळात त्यांना जणू दोन आयुष्ये जगावी लागली. युरोपात त्या पतीबरोबर मोकळेपणाने वावरत, माणसांना भेटत, संस्था पाहत. मायदेशी परतल्या की पुन्हा पडदा. ज्या स्त्रीने पॅरिस आणि लंडनचे रस्ते उघड्या डोळ्यांनी पाहिले, तिने आपल्याच राजधानीत चिकाआड बसावे, ही विसंगती बाईंना किती जाचली असेल, याची कल्पना आज करणे अवघड आहे.

सर्वांत मोठा अडथळा आला तो मात्र सरकारकडून. १९०० साली महाराणींच्या प्रकृतीसाठी हे दांपत्य युरोपात गेले. त्याच वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी परिपत्रक काढले. संस्थानिकांनी वारंवार परदेशी जाणे म्हणजे कर्तव्यात कसूर, यापुढे प्रत्येक वेळी व्हाइसरॉयची परवानगी हवी, असा त्याचा आशय होता. परिपत्रकात नाव कुणाचेच नव्हते, पण रोख बडोद्याकडे आहे हे सर्वांना कळले. राजाने आजारी पत्नीसोबत राहण्यासाठीही वर अर्ज करावा, हा अपमान सयाजीराव विसरले नाहीत.

या साऱ्या कटकटींतून हाती काय लागले? महाराजांपुरते उत्तर बडोद्याच्या रस्त्यारस्त्यांवर सापडते. १९०६ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि तेथील सार्वजनिक ग्रंथालयांनी भारावले. पुढच्या अमेरिका प्रवासानंतर, १९१० मध्ये, विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना त्यांनी बडोद्यास आणले. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या हे त्याचे फळ. अमरेली भागात १८९३ पासून सुरू असलेले सक्तीचे प्राथमिक शिक्षणही १९०६ मध्ये सबंध संस्थानाला लागू झाले. १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणाला उच्च शिक्षणासाठी न्यूयॉर्कला धाडण्यामागेही जग पाहिलेल्या राजाचीच दृष्टी होती.

महाराणींच्या बाबतीत हे उत्तर १९११ मध्ये लंडनला छापून प्रसिद्ध झाले. त्या आधीच्या वर्षी दोघांनी जपान आणि अमेरिकेचा मोठा प्रवास केला होता. सिद्धमोहन मित्र यांच्या सहकार्याने महाराणींनी भारतीय स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. परदेशी स्त्रिया कोणकोणते व्यवसाय करतात, कोणत्या संस्था चालवतात आणि त्यांतले आपल्याकडे काय आणता येईल, याचा त्यात शोध आहे. प्रवासवर्णनापेक्षा हे हिशेबाचे पुस्तक अधिक. राण्यांनी पाहिलेल्या परदेशाच्या हकिगती बहुधा दागिने आणि मेजवान्यांवर थांबतात, म्हणून याचे मोल जास्त वाटते. पुढे त्यांनी बडोद्यातही पडदा सोडला आणि जाहीर समारंभात त्या महाराजांच्या शेजारी बसल्या.

मात्र याच प्रवासांची दुसरी किंमतही या दांपत्याने मोजली. लंडन-पॅरिसमधील भारतीय क्रांतिकारकांशी त्यांचा संबंध असावा, या संशयाने इंग्रज गुप्तचरांची नजर त्यांच्यावर राहू लागली. डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात सम्राट पंचम जॉर्जना मुजरा करताना महाराजांनी रिवाज पाळला नाही, पाठ फिरवली, असा गहजब उठला तेव्हा जुन्या संशयाला निमित्तच मिळाले. महाराजांना खुलासा करावा लागला.

त्याच दरबाराच्या दिवसांत घरातही वादळ उठले. कन्या इंदिराराजे यांचा विवाह ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्याशी ठरला होता. वर वयाने बराच मोठा, त्यांची पहिली पत्नी हयात, आणि ग्वाल्हेरला पडदा कडक. आईवडिलांबरोबर जग पाहिलेल्या या मुलीने स्वतःच शिंद्यांना पत्र लिहून लग्न मोडले, तेही घरी न सांगता. शिंद्यांकडून विचारणा झाली तेव्हा कुठे बडोद्याला पत्ता लागला. तिचे मन कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्र यांच्यावर जडले होते. स्त्रीस्वातंत्र्यावर ग्रंथ लिहिणाऱ्या आईने, आणि सुधारक म्हणून गाजलेल्या वडिलांनी, या लग्नाला दीड-दोन वर्षे कडाडून विरोध केला. अखेर ऑगस्ट १९१३ मध्ये लंडनमध्ये विवाह झाला. तेथे ना महाराज होते ना महाराणी. ज्या शहरात चिमणाबाईंनी पडद्याबाहेरचे आयुष्य अनुभवले, त्याच शहरात मुलीने त्यांच्यावाचून संसार मांडला. यात महाराणींचा ढोंगीपणा पाहणे सोपे आहे. पण शिंद्यांसारख्या घराण्याला दिलेला शब्द मोडल्याचे ओझे कोणत्याही मराठा सरदार घराला पेलणे त्या काळी कठीणच होते.

पुढची वर्षे दुःखाची होती. थोरले पुत्र फत्तेसिंहराव १९०८ मध्येच गेले होते. त्यांच्यामागून शिवाजीराव १९१९ मध्ये आणि जयसिंहराव १९२३ मध्ये गेले. जावई जितेंद्र १९२२ च्या अखेरीस वारले आणि इंदिराराजे तरुण वयात विधवा झाल्या. दुरावा तोपर्यंत सरला होता. इंदिराराजे आपल्या मुलांना घेऊन बडोद्याला येत. त्यांत १९१९ साली लंडनमध्ये जन्मलेली आयेशाही असे, जी पुढे जयपूरची महाराणी गायत्रीदेवी झाली.

जानेवारी १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन पुण्यात भरले, तेव्हा अध्यक्षपदी चिमणाबाई होत्या. सयाजीराव गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकलाही ते प्रेक्षकांत होते. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे महाराणी एकोणीस वर्षे जगल्या. बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालेलेही त्यांनी पाहिले. १९५८ मध्ये त्या निवर्तल्या.