नोकरी गेली आणि सलीम अलींनी किहीममध्ये सुगरण पक्ष्याचं कोडं सोडवलं

पावसाळ्यात विहिरीवर झुकलेल्या झाडाला सुगरण पक्ष्याची घरटी लटकलेली तुम्ही पाहिली असतील. नीट बघितलं तर त्यातली काही पूर्ण असतात आणि काही अर्धवट सोडलेली. ती अर्धवट का राहतात, याचं उत्तर १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीम गावात एका माणसाला मिळालं. तो माणूस तेव्हा नुकताच बेकार झाला होता आणि त्याच्याकडे विद्यापीठाची पदवीही नव्हती. त्याचं नाव सलीम अली.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. आईवडील लहानपणीच गेले, त्यामुळे ते खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्याकडे वाढले. मामांना शिकारीचा शौक होता. त्यांनी भाच्याला एअरगन दिली. एक दिवस पोराने चिमणी मारली, तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! ही कुठली चिमणी, ते घरात कुणालाच सांगता येईना. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं.

तिथले मानद सचिव मिलार्ड यांनी चिमणी ओळखली. ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी कपाटांचे खण उघडून भारतभरातून जमवलेले पक्ष्यांचे नमुने त्या मुलाला दाखवले. पुढे पक्ष्याची कातडी पिसांसकट सोलून, आत कापूस भरून ती कशी टिकवायची, हेही सलीम तिथेच शिकला.

कॉलेजात मात्र त्यांचं बस्तान बसलं नाही. सेंट झेवियर्स अर्ध्यावर सोडून ते ब्रह्मदेशात गेले. तिथे घरच्यांचा खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता, पण लक्ष सगळं जंगलातल्या पक्ष्यांकडे! मुंबईत परतल्यावर एकीकडे हिशेब आणि व्यापारी कायदा, तर दुसरीकडे सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र, असा अभ्यास चालला. पण भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत पक्षितज्ज्ञाची जागा निघाली, तेव्हा पदवी नाही म्हणून ती हुकली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये त्यांना गाइड लेक्चररची नोकरी लागली.

दोनेक वर्षांत त्यांना जाणवलं की माहिती सांगण्याआधी आपल्यालाच अजून बरंच शिकायचंय. रजा काढून ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात प्रा. एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली त्यांनी ब्रह्मदेशातून आलेल्या नमुन्यांवर काम केलं. पंखांची मापं घेणं, पिसांच्या रंगछटा ताडून पाहणं, एक जात दुसरीपासून वेगळी काढणं, हे शिक्षण टेबलावरचं होतं. हेल्गोलँड बेटावर त्यांनी आणखी एक तंत्र शिकून घेतलं. जिवंत पक्षी पकडायचा, पायात क्रमांकाचं कडं घालायचं आणि त्याला सोडून द्यायचं. तोच पक्षी पुढे दुसरीकडे सापडला, की त्याच्या प्रवासाचा पत्ता लागतो.

एवढं शिकून ते १९३० मध्ये परत आले, तर निधी नाही म्हणून म्युझियममधली त्यांची जागाच रद्द झालेली. हातात बर्लिनचं शिक्षण आणि खिशात पगार नाही! ते पत्नी तहमिना यांच्यासह किहीमला राहायला गेले. तिथे घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती.

मग पावसाळाभर निरीक्षण, नोंदी, पुन्हा निरीक्षण. मराठीत या पक्ष्याला आपण सुगरण म्हणतो, पण घरटं विणतो तो नर. तो घरटं अर्धं विणतो आणि थांबतो. माद्या येऊन ते तपासतात. एखादीला पसंत पडलं, की जोडी जमते आणि नर उरलेलं घरटं पूर्ण करतो. मादी अंडी उबवायला बसली, की तो शेजारी दुसरं घरटं सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. जे कुणालाच पसंत पडत नाही, ते अर्धवट राहतं. खणातल्या शंभर नमुन्यांवरूनही हे कळलं नसतं. मेलेला पक्षी त्याची जात सांगतो, पण संसार कसा करतो हे जिवंत पक्ष्यापाशी बसूनच कळतं. हा अभ्यास १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

त्यानंतर सलीम अलींनी मार्ग बदलला. संस्थानांनी फक्त मोहिमेचा खर्च द्यावा, पगार नको, या बोलीवर त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन असे पक्ष्यांचे सर्वेक्षण केले. तहमिना अनेक मोहिमांत सोबत होत्या. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. सलीम अलींनी काम थांबवलं नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं. हेल्गोलँडला शिकलेलं तंत्रही वाया गेलं नाही. १९५९ पासून सोसायटीने पक्ष्यांना कडी घालून स्थलांतराचा मोठा अभ्यास सुरू केला, तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि २० जून १९८७ रोजी, नव्वदी पार करून, ते गेले.

येत्या पावसाळ्यात सुगरणीची वसाहत दिसली, तर पूर्ण घरटी सगळेच बघतात. तुम्ही अर्धवट घरट्यांपाशी थोडा वेळ थांबा. कदाचित नर अजून पसंतीची वाट बघत असेल.