फरीदसाहेब सतारमेकर
एकोणिसाव्या शतकात मिरजेस फरीदसाहेब शिकलगार नावाचे कुशल कारागीर होऊन गेले. तलवारींना धार लावणे हा त्यांच्या घराण्याचा पिढीजात धंदा होता. पुढे इंग्रजी अंमल आला, लढाया थांबल्या आणि शिकलगारांची भाकरी गेली. परंतु फरीदसाहेब खचले नाहीत. गवयांचे तंबोरे दुरुस्त करता करता, १८५० च्या सुमारास, ते व त्यांचे बंधू नवी वाद्ये घडवू लागले. पंढरपूरकडचा कडू भोपळा वाळवावा, त्यास लाकडी दांडी जोडावी, घोडी घासून जवारी काढावी, असे हे चिकाटीचे काम! वंशजांनी ही कला जतन केली. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस भौगोलिक मानांकन लाभले. धंदा बुडाला, तरी हातचे कसब बुडत नाही, हेच या चरित्रावरून दिसून येते.