एकट्याने निघालेला वाटसरू : धर्मानंद कोसंबी

वर्षावास संपला की आपल्या विहारात धम्मसहलीची बोलणी सुरू होतात. बोधगया, सारनाथ, कुशिनारा, लुंबिनी. याद्या होतात, पैसे जमतात, गाडी ठरते. ज्यांच्या घरी माणसं आहेत ते जोडीनं, मुलाबाळांसह नावं देतात. पण वस्तीत असेही उपासक-उपासिका आहेत की ज्यांना सोबत नाही. कुणाचा जोडीदार गेला, कुणाची मुलं परगावी, कुणाची रजाच सहलीच्या तारखांशी जुळत नाही. ही मंडळी हळूच येऊन विचारतात, एकट्यानं गेलं तर जमेल का? उतरायचं कुठं? तिथं कोण आपलं? असा प्रश्न आला की आम्हाला दर वेळी धर्मानंद कोसंबी आठवतात. या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत त्यांच्याविषयी थोडं सांगावं असं म्हणूनच वाटलं.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या सांखवाळ या गावी झाला. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. शाळा अशी फारशी झालीच नाही. माडांची देखरेख करायची आणि हाताला लागेल ते मराठी पुस्तक वाचायचं, असं तरुणपण गेलं. पंधरा-सोळाव्या वर्षीच बाळाबाईंशी लग्न झालं. १८९७ च्या सुमारास बालबोध नावाच्या मुलांच्या मासिकात भगवान बुद्धांचं चरित्र त्यांच्या वाचनात आलं. मासिक मुलांसाठी होतं, पण वाचणारा एकवीस वर्षांचा प्रपंची माणूस होता आणि तो त्या चार पानांनी पुरता हलला. बुद्धाचा धम्म मुळातून शिकायचा, असं त्यांनी ठरवलं.

ठरवलं खरं, पण शिकायचं कुणाकडे? त्या वेळच्या गोव्यात काय नि महाराष्ट्रात काय, पाली शिकवणारा माणूस सापडणं कठीण. शेजारीपाजारी या वेडात सामील होणारं कुणी नव्हतं. एकट्यानं जाण्याची कोसंबींना हौस होती असं कुणी समजू नये. सोबतच मिळण्यासारखी नव्हती. आधीही त्यांनी घर सोडून पाहिलं होतं आणि ते परत फिरले होते. १८९९ च्या अखेरीस मात्र गेले ते गेलेच. घरी बाळाबाई होत्या आणि तान्ही मुलगी माणिक होती.

इथं आम्हाला थांबावंसं वाटतं. कोसंबींचं चरित्र सांगताना लोक चटकन सिद्धार्थ आणि यशोधरेचा दाखला देतात आणि पुढं जातात. इतक्या लवकर पुढं जाऊ नये. बाळाबाईंनी माहेरच्या आधारावर सहा-सात वर्षं काढली. नवरा जिवंत आहे पण घरी नाही, कुठं आहे ते कधी कळतं कधी कळत नाही, अशा बाईला गावात काय काय ऐकावं लागतं ते आपल्या आयाबहिणींना सांगायला नको. आणि बाळाबाईंनाच धम्म शिकावासा वाटला असता तर? त्या काळी मूल मागं ठेवून एकटी बाई पुण्याला निघाली असती तर तिला कुणी दारात उभं केलं असतं का? कोसंबींची थोरवी आम्ही मानतो, पण ती सांगताना हा हिशेब लपवत नाही.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली आणि प्रार्थना समाजाच्या मंडळींचा आधार मिळाला. तिथून ग्वाल्हेरकडून काशी गाठली. काशीत संस्कृतचा अभ्यास झाला. विद्यार्थ्याच्या पोटाची सोय अन्नछत्रात होत असे. कदान्न का होईना, पण खिशात पैसा नसलेल्या एकट्या मुलाला काशीत जगता येत होतं, शिकता येत होतं. परंतु हेही लिहून ठेवलं पाहिजे की ती छत्रं ब्राह्मणांसाठी होती आणि कोसंबी गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबातले होते. आपल्या पणजोबांपैकी कुणी त्याच साली विद्येच्या ओढीनं काशीला गेलं असतं तर पंक्तीत बसणं तर सोडाच, दारातसुद्धा उभं राहता आलं नसतं.

लांब कशाला जायचं? बाबासाहेबांचंच घ्या. १९१७ साली अमेरिकेत, लंडनात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले, तर त्या एवढ्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत काही दिवस काढले. ते उघडकीला आल्यावर लाठ्या घेतलेल्या जमावानं त्यांना बाहेर काढलं आणि ते बागेत झाडाखाली जाऊन बसले. आज त्या जागेला आपण संकल्पभूमी म्हणतो. म्हणून आपल्या समाजात कुणी एकट्यानं प्रवासाचं नाव काढलं की घरच्या म्हाताऱ्यांचा जीव खालीवर होतो. उतरायचं कुठं, हा प्रश्न आपल्याकडे साधा नाही. तीन-चार पिढ्यांच्या आठवणी त्यात आहेत.

असो. काशीहून १९०२ मध्ये कोसंबी नेपाळात गेले. तिथं बुद्धाचा धम्म जिवंत असेल अशी मोठी आशा होती. काठमांडूला स्वयंभूचा स्तूप पाहिला, बौद्धनाथचा स्तूप पाहिला, पण धम्मग्रंथ मुळातून शिकवील असं कुणी मिळालं नाही. एवढी पायपीट फुकट गेली म्हणून दुसरा एखादा घरी परतला असता. हे बोधगयेला आले. महाविहार तेव्हा शैव महंताच्या ताब्यात होता आणि अनागारिक धर्मपालांचा लढा सुरू होऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. बोधगयेतच त्यांना एका भिक्खूंकडून कळलं की धम्म शिकायचा तर सिंहलद्वीपाला जा, आणि त्यासाठी आधी कलकत्त्याला महाबोधी सभेकडे जा. पत्ता मिळाला तो असा.

कलकत्त्याहून मद्रास, आणि तिथून समुद्र ओलांडून कोलंबो. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात आचार्य सुमंगल महाथेर होते. हे विद्यापीठ त्यांनीच १८७३ साली काढलेलं. भाषा वेगळी, मुलूख वेगळा, ओळख कुणाची नाही, तरी या मराठी माणसाला त्यांनी ठेवून घेतलं. १९०२ मध्येच श्रामणेर दीक्षा मिळाली आणि पालीचा अभ्यास खऱ्या अर्थानं सुरू झाला.

हे कसं घडलं? सुमंगलाचार्यांचं मन मोठं होतं हे आहेच. पण त्यामागं संघाची जुनी रीतही आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात वत्तक्खंधक म्हणून भाग आहे. विहारात बाहेरून भिक्खू आला तर त्याचं पात्र-चीवर पुढं होऊन घ्यावं, आसन द्यावं, पाय धुवायला पाणी द्यावं, प्यायला पाणी विचारावं, निजायची जागा दाखवावी, भिक्षेला कोणत्या वाटेनं जायचं तेही सांगावं, इतकं बारीक लिहिलेलं आहे. आलेल्यानं कसं वागावं तेही आहे. आल्या आल्या पाय आपटत आत शिरायचं नाही, बरं का! कोसंबींनी ज्या सुत्तनिपाताचा पुढं मराठी अनुवाद केला, त्यात खग्गविसाण सुत्तात एकट्यानं चालण्याची थोरवी आहे. ते एकट्यानं चालणं जमतं, कारण वाटेवर कुठंतरी कुणीतरी पाय धुवायला पाणी ठेवलेलं असतं.

सिंहलचं जेवण त्यांना मानवेना, प्रकृती बिघडली. १९०३ मध्ये मद्रासला आले. तिथं प्रा. लक्ष्मी नरसू यांची गाठ पडली. हेच ते नरसू, ज्यांचा बौद्ध धम्मावरचा इंग्रजी ग्रंथ बाबासाहेबांनी १९४८ साली स्वतःची प्रस्तावना लिहून पुन्हा छापवून घेतला. मद्रासहून कोसंबी ब्रह्मदेशात गेले. सगाइंगच्या डोंगरातल्या गुहेत ज्ञानतिलोक या जर्मन भिक्खूंबरोबर त्यांनी ध्यानाचा अभ्यास केला. गोव्याचा एक, जर्मनीचा एक, आणि शिकवणारे ब्रह्मी भिक्खू! याच काळात पवित्र स्थळांच्या यात्राही केल्या. भिक्खूला पैसा जवळ ठेवायचा नसतो, त्यामुळे पुष्कळशी चाल पायीच आणि पोटाला भिक्षा.

या यात्रेतलं कुशिनारा आम्हाला फार जवळचं वाटतं. कोसंबी जन्मले त्याच सुमारास, १८७६-७७ मध्ये, तिथल्या उकिरड्यासारख्या ढिगाऱ्यातून तथागतांची परिनिर्वाणमूर्ती बाहेर आली. वीस फुटांची, उजव्या कुशीवर पहुडलेली. पुढं महावीर भिक्खू तिथं येऊन राहिले. म्हणजे यात्रेकरूला दार ठोठवायला एक जागा झाली. कोसंबींना त्यांचा सहवास मिळाला. याच कुशिनाऱ्यात पुढं चंद्रमणी महास्थविरांनी आयुष्य घालवलं, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांना त्यांनीच दीक्षा दिली.

आता जे एकट्यानं जाऊ म्हणतात त्यांच्यासाठी चार गोष्टी. कुशिनाऱ्याला गोरखपूर स्टेशनहून जायचं, साधारण पन्नास किलोमीटर. लुंबिनीचा रस्ताही गोरखपूरवरून सोनौलीमार्गे आहे. भारतीयांना व्हिसा लागत नाही, ओळखपत्र मात्र जवळ ठेवा. बोधगया गया स्टेशनपासून बारा-पंधरा किलोमीटर आणि सारनाथ तर काशीच्या अंगणातच. चारही ठिकाणी देशोदेशींची विहारं आहेत, कित्येकांत उतरण्याची सोय असते. निघण्याआधी पत्र किंवा फोन करून विचारून घ्यावं. थंडीत जावं, पांघरूण न्यावं. गाडी रात्री-बेरात्री पोचणारी घेऊ नये, एकट्या बाईनं तर नाहीच. आमच्या मते पहिल्यांदाच एकटं जाणाऱ्यानं सारनाथपासून सुरुवात करावी. शहर जवळ, वाट सोपी, आणि बसायला शांतता.

कोसंबींचं पुढचं आयुष्य मोठं आहे, इथं भरभर सांगतो. १९०६ मध्ये चीवर उतरवून ते कलकत्त्याला पाली शिकवू लागले, आणि त्याच साली गोव्याला जाऊन बाळाबाईंना भेटले. संसार पुन्हा उभा राहिला. १९०७ मध्ये मुलगा दामोदर झाला, तोच पुढं गणिती आणि इतिहासकार म्हणून गाजला. सयाजीराव गायकवाडांनी महिना पन्नास रुपये देऊ केले, अट एवढीच की महाराष्ट्रात राहून लिहायचं. कलकत्त्याची चांगली नोकरी सोडून कोसंबी ते घेऊन पुण्याला आले. एकाच बडोद्याच्या या दोन गोष्टी, एक कोसंबींची आणि एक बाबासाहेबांची. शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की पोटात कालवतं. दोघांनाही हात देणारा राजा एकच होता, पण शहर राजाचं ऐकत नव्हतं.

पुढं विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी चार वेळा हार्वर्डला गेले. १९१८ मध्ये तर माणिक आणि दामोदर या मुलांनाही बरोबर नेलं. जिला पाळण्यात टाकून बाप निघून गेला होता, तिला घेऊन तो सातासमुद्रापार गेला. फर्ग्युसन कॉलेजात, गुजरात विद्यापीठात शिकवलं, १९२९ मध्ये लेनिनग्राडला पाली शिकवली. भगवान बुद्ध हा त्यांचा ग्रंथ आजही कित्येक घरांत असेल.

१९३७ च्या सुमारास परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभा केला. पुणे, हार्वर्ड फिरून आलेला हा माणूस गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या लोकांत येऊन राहिला. रेल्वेनं दादर-परळला उतरणाऱ्या देशावरच्या माणसालाही मुंबईत ओळखीचं कुणी नसायचंच.

शेवटी आजारानं शरीर साथ देईना तेव्हा सेवाग्रामला त्यांनी अन्न सोडलं आणि ४ जून १९४७ रोजी देह ठेवला. पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. मध्यम मार्ग जन्मभर शिकवलेल्या माणसानं असा शेवट निवडावा हे आम्हाला आजही पटत नाही, विहारातल्या जुन्या मंडळींत यावर वादही होतात. त्यांनी जन्मभर ज्यावर मेहनत घेतली तो विसुद्धिमग्ग हार्वर्डहून छापून आला १९५० साली. तोवर त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती.