अनंत कान्हेरे आणि ब्राउनिंगचं पिस्तूल: नाशिकच्या त्या रात्रीमागची गोष्ट

21 डिसेंबर 1909. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा' या नाटकाचा प्रयोग होता. प्रयोगाचं निमित्त होतं जिल्ह्याचे कलेक्टर जॅक्सन यांचा निरोप. त्यांची मुंबईला बदली झाली होती. ते आत येऊन आपल्या खुर्चीकडे जात असताना प्रेक्षकांतला एक तरुण उठला आणि त्याने जवळून लागोपाठ गोळ्या झाडल्या. जॅक्सन जागीच कोसळले.

गोळ्या झाडणारे अनंत लक्ष्मण कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांच्या आसपासचे होते. ते ना सैन्यात होते, ना पोलिसांत. मग भरल्या नाट्यगृहात, काही क्षणांत हे कसं घडलं? या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यांच्या आयुष्यात आहे आणि अर्धं त्यांच्या हातातल्या पिस्तुलाच्या चापात.

कोकणातून औरंगाबादला

कान्हेरे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्याचे. इंग्रजी शिक्षणासाठी ते औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मामांकडे राहिले. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. तिथेच त्यांचा नाशिकच्या क्रांतिकारकांशी संबंध आला. या गटाचे पुढारी होते कृष्णाजी गोपाळ कर्वे. ते पदवीधर होते आणि कायद्याचा अभ्यास करत होते. विनायक नारायण देशपांडे हे शिक्षकही त्यांच्यासोबत होते.

या गटाचं मूळ 'अभिनव भारत' या गुप्त संघटनेत होतं. विनायक दामोदर सावरकरांनी नाशिकला मित्रमेळा सुरू केला आणि 1904 मध्ये त्याचं रूपांतर अभिनव भारतमध्ये झालं. सावरकर तेव्हा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकत होते. 1906 मध्ये ते बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले आणि तिथून शस्त्रं मिळवण्याची खटपट सुरू झाली.

शस्त्रं परदेशातून का आणावी लागली?

1878 च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याशिवाय बंदूक बाळगायला बंदी केली होती. त्यामुळे चांगलं हत्यार मिळणं हीच पहिली अडचण होती. 22 जून 1897 रोजी पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर दामोदर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, ती त्याच्या घोडागाडीवर मागून चढून, अगदी जवळून. तिथे एका गोळीवरच सगळं अवलंबून होतं.

पुढच्या बारा वर्षांत पिस्तुलं पार बदलली. हा बदल घडवणारं सगळ्यात मोठं नाव होतं जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराचं. त्याची पिस्तुलं बेल्जियमच्या एफएन कारखान्यात तयार होत. 1900 सालच्या मॉडेलने या पिस्तुलांना युरोपभर नाव मिळवून दिलं.

चापात काय बदललं?

जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा आधी अंगठ्याने मागे ओढला नाही, तर सगळं काम चाप ओढणाऱ्या बोटाला करावं लागतं. ते बोट घोडा मागे नेतं, काडतुसांचं चक्र फिरवतं आणि शेवटी घोडा सोडतं. म्हणून चाप लांब ओढावा लागतो आणि जडही लागतो. बोटाला जोर लावताना हात हलतो, आणि हात हलला की नेम चुकतो.

ब्राउनिंगने हे काम बोटाकडून काढून घेतलं. 1900 च्या मॉडेलमध्ये बाहेर दिसणारा घोडाच नव्हता. आत स्ट्रायकर होता, म्हणजे स्प्रिंगच्या ताणावर अडवून ठेवलेली टोकदार दांडी. पहिल्या गोळीआधी वरचा भाग हाताने मागे ओढला की स्ट्रायकर ताणला जाई. चापाने फक्त त्याची अडण सोडायची. गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्याने वरचा भाग आपोआप मागे जाई, रिकामं काडतूस बाहेर पडे, नवं आत जाई आणि स्ट्रायकर पुन्हा ताणला जाई. वरचा भाग पुढे आणणारी आणि स्ट्रायकरला जोर देणारी स्प्रिंगही एकच होती.

याचा परिणाम सोपा होता. चाप कमी अंतर ओढावा लागे, जोर कमी लागे आणि दुसरी गोळी पहिलीइतक्याच सहज सुटे. खिशात मावणाऱ्या या पिस्तुलांना वर्षानुवर्षांचा सराव असलेला हात लागत नव्हता.

वीस पिस्तुलं

1909 च्या सुरुवातीला सावरकरांनी अशी वीस ब्राउनिंग पिस्तुलं काडतुसांसह मुंबईला पाठवली. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये स्वयंपाकी असलेल्या चतुर्भुज अमीनच्या पेटीला चोरतळ होता, त्यात ती लपवलेली होती. त्यांतलंच एक पिस्तूल पुढे कान्हेरेंच्या हातात आलं. म्हणजे ते हत्यार देशात येऊन वर्षही झालेलं नव्हतं.

दरम्यान सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव यांना राजद्रोही कविता छापल्याबद्दल जून 1909 मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांचा खटला जॅक्सन यांनीच पुढे सत्र न्यायालयात पाठवला होता. नाशिकच्या गटाने सूड घ्यायचं ठरवलं. विशेष म्हणजे जॅक्सन हे संस्कृतचे जाणकार होते. मुंबई इलाख्यातल्या लोकजीवनाची माहिती त्यांनी गोळा केली होती आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोवेन यांनी प्रसिद्ध केली. पण कट रचणाऱ्यांच्या लेखी ते बाबारावांना काळ्या पाण्यावर धाडणाऱ्या राज्याचे नाशिकमधले प्रतिनिधी होते.

बदलीची बातमी आली आणि वेळ कमी उरला. निरोपाचा प्रयोग ही शेवटची संधी होती. कान्हेरे चुकले तर पुढे व्हायला कर्वे आणि देशपांडेही नाट्यगृहात हजर होते. त्यांच्यावर वेळ आली नाही.

पिस्तुलाने सोडलेला माग

कान्हेरे तिथेच पकडले गेले. तपास त्यांच्यापाशी थांबला नाही. ते पिस्तूल कुठून आलं, या प्रश्नामागे जात पोलीस थेट लंडनपर्यंत पोहोचले. चतुर्भुज अमीन माफीचा साक्षीदार झाला. मार्च 1910 मध्ये सावरकरांना लंडनमध्ये अटक झाली. नाशिक कटाच्या खटल्यात 38 जणांवर आरोप ठेवले गेले आणि 27 जण दोषी ठरले. सावरकरांना दोन जन्मठेपी झाल्या. त्यांतली दुसरी, जानेवारी 1911 मधली, जॅक्सन यांच्या खुनाला साहाय्य केल्याबद्दल होती आणि तिचा मुख्य दुवा ती पिस्तुलंच होती.

कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांचा खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात चालला आणि तिघांनाही फाशीची शिक्षा झाली. 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात ती अमलात आली. नाट्यगृहातल्या त्या रात्रीला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते.

ब्राउनिंगच्या रचनेने चाप हलका केला होता. तो ओढल्याची किंमत मात्र हलकी नव्हती. एका अधिकाऱ्याचा जीव गेला, तीन तरुण फासावर गेले, कित्येक जण तुरुंगात गेले आणि महाराष्ट्रातली एक अख्खी गुप्त संघटना उघडी पडली.

नाशिकमध्ये आज हुतात्मा अनंत कान्हेरे यांच्या नावाचं मैदान आहे. तिथे रणजी सामनेही झाले आहेत. ज्यांच्या नावाचं हे मैदान, ते फाशी गेले तेव्हा तिथे खेळायला येणाऱ्या अनेक मुलांच्याच वयाचे होते.