नामदार गोखले आणि आफ्रिकेतले आपले लोक

गोपाळ कृष्ण गोखले हे नाव तुमच्या आई-बाबांना विचारा. टिळक जहाल, गोखले मवाळ, गोखले गांधीजींचे राजकीय गुरू, एवढे पाठ केले की त्यांच्या वेळी इतिहासाच्या पेपरात गुण मिळत. पण आपण परदेशात राहणारी माणसे. आपल्याला गोखल्यांची ओळख दुसऱ्या बाजूने करून घ्यायला हवी. भारतात इंग्रजांचे राज्य होते, त्यामुळे भारताला स्वतःचे परराष्ट्र धोरण असे नव्हतेच. अशा वेळी साता समुद्रापलीकडे गेलेल्या मजुराला तिथे कसे वागवतात हे पाहणे हिंदुस्थान सरकारचे काम आहे, असे ते सरकारला आकडे मांडून पुन्हा पुन्हा सांगत राहिले. (त्या काळी भारतीयांना हिंदी लोक म्हणत. पुढे तो शब्द येईल तेव्हा भाषेशी गोंधळ करू नका!)

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी कोतळूक या गावी झाला. हे गाव रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरजवळ आहे. घरची गरिबी होती आणि वडील लवकर गेले. थोरल्या भावाने काटकसर करून धाकट्याला शिकवले. १८८४ साली गोपाळराव मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले आणि पुण्याला येऊन शिक्षक बनले, आधी न्यू इंग्लिश स्कूलमध्ये व मग फर्ग्युसन कॉलेजात. त्यांनी अंकगणिताचे पुस्तकही लिहिले. न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली त्यांनी सरकारी अहवाल आणि जमाखर्च वाचायची सवय लावून घेतली. कंटाळवाणे काम वाटते ना? पण पुढे तीच त्यांची ढाल आणि तलवार झाली.

१८९७ साली ते पहिल्यांदा इंग्लंडला गेले, वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला. हिंदुस्थानचा पैसा कुठे आणि कसा खर्च होतो याची ते कमिशन चौकशी करत होते. सरहद्दीपलीकडच्या लढाया इंग्रज साम्राज्यासाठी लढल्या जातात, मग त्यांचे बिल गरीब हिंदी शेतकऱ्याने का भरायचे, असा गोखल्यांचा सवाल होता. १९०२ पासून ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात दरवर्षी अंदाजपत्रकावर बोलत, तेव्हाही लष्कराचा वाढता खर्च हा त्यांचा ठरलेला मुद्दा असे. आवाज न चढवता ते आकड्यांमागून आकडे मांडत. मवाळ म्हणजे मऊ, असा अर्थ करून घेऊ नका.

आता गिरमिटाबद्दल. उसाच्या मळ्यांसाठी १८३४ पासून मॉरिशसला आणि १८६० पासून आफ्रिकेतल्या नाताळला हिंदी मजूर नेले जात. पाच वर्षांच्या करारावर त्यांचा अंगठा घेत. त्या ॲग्रीमेंटचे मजुरांच्या तोंडी 'गिरमिट' झाले. मुदत संपेपर्यंत मालक बदलता येत नसे, आणि काम सोडले तर तुरुंग. मॉरिशसमध्ये आजही मराठी कुटुंबे आहेत. त्यांचे बरेचसे पूर्वज कोकणातून मुंबई बंदरमार्गे असेच गेले होते.

नाताळमध्ये करार संपल्यावर काही मजूर तिथेच राहून भाजीपाला पिकवू लागले, दुकाने काढू लागले. ते गोऱ्या वसाहतवाल्यांना खुपू लागले. मग १८९५ साली कायदा झाला. परत हिंदुस्थानात जा, पुन्हा गिरमिटात या, नाहीतर दरवर्षी माणशी तीन पौंड कर भरा! सोळा वर्षांवरील मुलगे आणि तेरा वर्षांवरील मुलीही त्यातून सुटल्या नाहीत. गांधीजींनी लिहून ठेवले आहे की नवऱ्याची कमाई सरासरी महिना चौदा शिलिंगांहून जास्त नसे. तेव्हा पौंडाला वीस शिलिंग होते. आई, वडील आणि दोन मोठी मुले अशा घराला कर किती आणि कमाई किती, हे गणित करून बघा. (उत्तर: कर २४० शिलिंग, कमाई १६८.)

गोखल्यांनी फेब्रुवारी १९१० मध्ये कायदेमंडळात ठराव मांडला, की नाताळला मजूर पाठवणे बंद करा. सरकारने तो मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती थांबली. मार्च १९१२ मध्ये त्यांनी आणखी पुढचा ठराव आणला, की ही गिरमिट पद्धत सगळीकडेच बंद करा. तो मात्र सरकारी सभासदांच्या मतांनी पडला.

त्याच वर्षी, २२ ऑक्टोबर १९१२ रोजी, गोखले केपटाउनला उतरले. त्यांना मधुमेह होता, तब्येत नाजूक होती, पण पुढचे जवळजवळ चार आठवडे ते गांधीजींबरोबर हिंडत होते. नकाशा घ्या आणि केपटाउन, किंबर्ली, जोहान्सबर्ग, दरबान, प्रिटोरिया अशी बोटाने रेघ ओढा. जोहान्सबर्गच्या मेजवानीला पुष्कळ गोरे लोकही आले होते आणि जेवण शाकाहारी होते. त्या दिवशी गोखल्यांना रानड्यांनी दिलेले उपरणे घ्यायचे होते आणि ते चुरगळले होते. गांधीजी म्हणाले, मी इस्त्री करतो. गोखल्यांचा त्यांच्या वकिलीवर विश्वास होता, धोबीकामावर नव्हता! शेवटी उपरणे मिळाले, आणि इस्त्री छान झाली.

आपल्या वर्गाला आवडेल अशी गोष्ट पुढेच आहे. गोखल्यांचे इंग्रजी इतके उत्तम होते की ते सगळीकडे इंग्रजीतच बोलणार, असे सर्वांनी धरले होते. तिथे कोकणी मुसलमान आणि काही मराठी हिंदू कुटुंबे होती, त्यांना गोखल्यांचे मराठी ऐकायचे होते. गांधीजींनी आग्रह धरला की आपल्या लोकांपुढे तुम्ही मराठीत बोला, मी त्याचे हिंदुस्थानी करीन. गांधीजींचे मराठी कितपत आहे हे गोखल्यांना ठाऊक असल्यामुळे त्यांना हसू आले, पण ते कबूल झाले. तेव्हापासून थेट झांझिबारपर्यंत हिंदी लोकांच्या सभांत ते मराठीत बोलले आणि गुजराती गांधीजींनी भाषांतर केले. समोर बसलेल्या कोकणी माणसांना काय वाटले असेल!

प्रिटोरियात ते पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्स यांना भेटले. गांधीजी मुद्दाम त्या बैठकीला गेले नाहीत. बाहेर आल्यावर गोखल्यांनी सांगितले की सगळे ठरले, तीन पौंडांचा कर जाणार. गांधीजींना शंका होती, आणि ती खरी ठरली. १९१३ मध्ये स्मट्स यांनी असे काही वचन दिलेच नव्हते असे जाहीर केले. सभ्य माणसाने सभ्य माणसाला दिलेला शब्द म्हणजे करार, अशी गोखल्यांची समजूत होती. कागदावर सही घ्यायला हवी होती, असे मला वाटते. ज्या मजुरांच्या घरचा हा प्रश्न होता त्यांना त्याचे मोल द्यावे लागले.

कारण त्यानंतर मोठा सत्याग्रह झाला. खाणीतले मजूर संपावर गेले, बायका-मुलांसह दोन हजारांवर लोक नाताळमधून ट्रान्सवालकडे चालत निघाले, शेकडो तुरुंगात गेले. इकडे गोखले आजारी असूनही पैसे जमवत होते, तारा करत होते. त्यांनी अँड्र्यूज आणि पिअर्सन या दोघांना मदतीला पाठवले. चौकशी समितीपुढे साक्ष द्यावी असे गोखल्यांचे मत होते, गांधीजींनी तिच्यावर बहिष्कार घातला, तरी गोखल्यांनी हात आखडता घेतला नाही. १९१४ च्या कायद्याने तीन पौंडांचा कर रद्द झाला.

एक गोष्ट पालकांसाठी. ही सारी लढाई हिंदी लोकांच्या हक्कांपुरती होती. १९१३ मध्येच तिथल्या मूळ आफ्रिकी लोकांच्या जमिनीच्या हक्कावर गदा आणणारा कायदा झाला, तो या वाटाघाटींचा विषय नव्हता. मुले विचारतील, तेव्हा हे सांगायला हवे.

जानेवारी १९१५ मध्ये गांधीजी भारतात परतले. गोखले त्यांना भेटायला मुंबईला आले. पुढच्याच महिन्यात, १९ फेब्रुवारीला, पुण्यात गोखल्यांचे निधन झाले. तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. जन्मभर ज्यांच्याशी मतभेद झाले ते टिळकही अंत्यसंस्काराला हजर होते आणि तिथे बोलले.

१९१२ मध्ये पडलेला गिरमिटाचा विषय मार्च १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीयांनी कायदेमंडळात पुन्हा आणला, आणि या वेळी सरकारने तो मान्य केला. १९१७ मध्ये भरती थांबली. १ जानेवारी १९२० रोजी फिजीतल्या शेवटच्या गिरमिटवाल्या मजुरांचे करार रद्द झाले.