शिष्यवृत्ती संपते तेव्हा : विद्यार्थी बाबासाहेबांची दहा वर्षे

मुलुंडहून धीमी लोकल पकडली की परळ येते. तिथल्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत रमाई संसार ओढत होत्या, तेव्हा बाबासाहेब लंडनमध्ये शिकत होते. आपण ही गोष्ट बहुधा पदव्यांच्या यादीने सांगतो. पण यंदा ज्या घरांत व्हिसा, विमानभाडे आणि बँकेच्या कर्जाची जुळवाजुळव चालू आहे, त्यांना ती पैशांच्या हिशोबाने सांगितलेली जास्त जवळची वाटेल.

भीमराव बी.ए. होऊन बडोद्यात नोकरीला लागले आणि लगेच, फेब्रुवारी 1913 मध्ये, वडील सुभेदार रामजी गेले. त्याच वर्षी सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळाली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असा करार. जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले. या पैशांतूनच घरीही पाठवायचे होते, म्हणून जेवणात काटकसर. जुन्या पुस्तकांवर मात्र हात सैल. कोलंबिया विद्यापीठात नवल भथेना हा पारशी मित्र भेटला.

1915 मध्ये एम.ए. झाले. 9 मे 1916 रोजी त्यांनी भारतातील जातींच्या उगमावर निबंध वाचला. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून 2022 साली भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतीय समाज यांवरचे विषय वगळले गेले. त्या नियमाने या निबंधाच्या विषयाला दमडीही मिळाली नसती!

त्याच वर्षी ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन, दोन्हीकडे नाव घातले. वर्षभरात शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत पुन्हा यायची परवानगी तेवढी मिळवली. महायुद्ध चालू होते. वेगळ्या बोटीने पाठवलेले सामान पाणतीराच्या हल्ल्यात बुडाले, त्यात पुस्तकेही गेली. ऑगस्ट 1917 मध्ये ते मुंबईत उतरले.

बडोद्यात अधिकाऱ्याची खुर्ची मिळाली, पण राहायला घर मिळेना. कोलंबियाच्या वसतिगृहात राहिलेला माणूस इथे नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहिला, आणि तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले.

मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली आणि पगारातून पैसे साठवले. त्यात शाहू महाराजांची मदत आणि भथेनांचे 5,000 रुपये कर्ज यांची भर पडली. जुलै 1920 मध्ये पुन्हा लंडन. दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, रात्री खोलीवर भाजलेले पापड आणि कपभर पेय. 1921 ला एम.एस्सी., 1922 ला बॅरिस्टर. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध मात्र परीक्षकांनी बदल करायला सांगून परत दिला. तोवर गाठीचे पैसे संपत आले होते. एप्रिल 1923 मध्ये ते मुंबईला परतले आणि इथे बसून प्रबंध पुन्हा लिहून पाठवला. तो मान्य होऊन त्याच वर्षी पदवी मिळाली.

बॅरिस्टर घरी आले, पण वकिलीची सनद काढायला पैसे नव्हते. तेही भथेनांनीच दिले.